बसा, मी आणतो

पीठ मळून झालं, वर ओलं फडकं टाकलं, आणि मगच माझ्या लक्षात आलं की घरात चीजचा तुकडाही नाही. दुसऱ्या दिवशी संत निकोलायचा सण. माझ्या जावयाचं नावही निकोलायच, म्हणजे त्याच्या नावाचा दिवस. चीज भरलेली प्लाचिंता ताटात दिसली नाही तर पुढच्या डिसेंबरपर्यंत टोमणे ऐकायचे. म्हणून शाल गुंडाळली, पिशवी घेतली आणि निघाले. दुपार कलली होती एवढंच, पण डिसेंबरातली दुपार ती काय, उजेड पायाखालून सरकायला लागलेला. नदीवरून धुकं वर चढत होतं आणि गल्लीभर ओल्या लाकडाच्या धुराचा वास कोंडला होता.

फाटकाशीच दोम्निका भेटली. ही माझ्या शेजारची. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिचं अख्खं अंगण दिसतं. लोक माझ्याबद्दल म्हणतात, वेतुरिया डोकावते. डोकावत नाही हो, दिसतं, त्याला मी काय करू? तर दोम्निका धावत आलेली. अंगावर दुकानाचा पांढरा कोट, डोक्यावर कामाची टोपी, हातात बादली. तिनं बादलीत मग बुडवला आणि माझ्यापुढे धरला. मगाच्या कानाला लाल दोऱ्यानं रानतुळशीची काडी बांधलेली होती.

"साफ्ताबाईंसाठी," ती म्हणाली.

मी पाणी प्यायले आणि म्हटलं, "देव साफ्ताला क्षमा करो." मेलेल्या माणसाच्या नावानं कोणी काही दिलं तर आभार मानायचे नसतात. एवढंच म्हणायचं.

"मावशी, पर्वूआजोबांचं घर राहिलंय अजून. आणि काउंटरवर कोणी नाही. साहेबांनी पाहिलं तर..."

"तू जा गं. मला चीज घ्यायचंच आहे. मी काउंटरपाशी उभी राहते. आला तुझा साहेब तर त्याला बोलण्यात गुंतवते. जावयाच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनची गोष्ट काढली की माणूस जागचा हलत नाही."

एरवी ती हसली असती. आज हसली नाही. बादली हिंदकळवत गल्लीच्या टोकाकडे पळाली.

तिची घाई का होती ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

बसथांब्यासमोर ते मोठं दुकान आहे ना, त्यात चीज-मांसाच्या काउंटरला आधी चौघी जणी होत्या. एक इटलीला म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली, एक जर्मनीला शेतात. राहिल्या दोघी, दोम्निका आणि साफ्ता. गेलेल्यांच्या जागी नवीन कोणी घेतलंच नाही. घेतला तो एक साहेब, क्रायोव्हा शहरातून. ओक्तावियान बुर्चा. चाळिशीचा, तुकतुकीत दाढी केलेला, बुटांवर कधी पिठाचा कण नाही. त्यानं आल्या आल्या काउंटरमागची खुर्ची काढून टाकली. मग पाण्याच्या बाटल्या. "गिऱ्हाईक काय म्हणेल? हे काउंटर आहे, माहेर नाही." दोघींनी विचारलं, साहेब, चौघींचं काम आम्ही दोघींनी कसं करायचं? तर म्हणाला, "दोघींना जमत नसेल तर सांगा. एकीला तरी कशाला ठेवू?" ते ऐकून माझं तर टाळकंच फिरलं होतं, पण मी कोण बोलणारी? मी पडले गिऱ्हाईक.

साफ्ता माझ्याच वयाची. विधवा, मूलबाळ नाही, मधुमेहाची, त्यामुळे तहान सारखी. पण हात बघावा तिचा. चीज कापायची ते न मोजता बरोबर. कागदाला दोन घड्या, तिसरं टोक आत खोचलेलं, चिकटपट्टी कधी नाही. "चिकटपट्टी लावते ती घाईतली बाई," असं म्हणायची. आणि मी काउंटरपाशी पोचायच्या आधीच माझी पुडी तयार असायची, कोपऱ्याचा मऊ तुकडा. मला मागावं लागत नसे.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी दुकानात ही गर्दी. साफ्ता म्हणाली, "साहेब, घोटभर पाणी पिऊन येते." साहेब म्हणाला, "रांग संपली की." थोड्या वेळानं तिनं परत विचारलं. "रांग संपली की." शनिवारची रांग कधी संपते का? तिसऱ्यांदा ती बोललीच नाही. चीजच्या पिंपाला धरून हळूहळू खाली बसली, आणि मग आडवी झाली. दोम्निका किंचाळली. साहेब आला, त्यानं पाहिलं, कोणालातरी डॉक्टरला बोलवायला सांगितलं, आणि मग, मी हे दोम्निकाच्या तोंडून ऐकलंय, मग म्हणाला, "दोम्निका, पुढचा नंबर."

साफ्ता तिच्या पायाशी पडलेली. आणि दोम्निकानं पुढचा नंबर पुकारला.

ते तिला खातं. नोकरी गेली तर तिचं आणि तिच्या लेकीचं पोट कशावर भरायचं, म्हणून पुकारला, मला ठाऊक आहे. तिला समजावून मी थकले.

साफ्ताला पाणी कोण वाहणार हा प्रश्न होता. माणूस गेलं की सहा आठवडे त्याच्या नावानं रोज सूर्य बुडायच्या आत तीन घरी पाणी न्यावं लागतं. इथल्यांनी प्यायलं की तिकडं त्याला पोचतं. खरं तर हे काम घरातल्या कुवार मुलीचं. साफ्ताला ना मुलगी ना भाची. दफनाच्या दिवशी दोम्निका पुढं झाली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "सहा आठवडे मी वाहीन." एकदा बोललं की झालं. मग दुसऱ्याच्या हातचं पाणी पोचत नाही. मी म्हटलं होतं, एखादे दिवशी तुला नाही जमलं तर मी नेते. ती नुसती मान हलवत राहिली.

पहिले काही आठवडे ठीक गेले. मग सणाची गर्दी सुरू झाली आणि साहेबानं तिला सकाळपासून रात्रीपर्यंत एकटीला उभं केलं. ती मागच्या दारानं पळायची, पंपावर बादली भरायची, तीन घरं करायची, परत पळायची. साहेबानं एकदा पकडलं. काय काय बोलला. शेवटी म्हणाला, "पुन्हा काउंटर सोडलंत तर सणानंतर यायची तसदी घेऊ नका."

त्या भीतीनं ती दोन दिवस गेली नाही.

त्या दोन दिवसांनंतरची गोष्ट. चीजची पिंपं असतात, पांढरं चीज मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवलेलं. दोम्निकानं संध्याकाळी ती काठोकाठ भरलेली. सकाळी झाकण काढलं तर पिंप कोरडं. गळती नाही, फरशी ओली नाही. चीज भेगाळून खडूसारखं झालेलं, वर मिठाची पापडी. साहेब तिच्यावर ओरडला, पाणी घालायला विसरलात म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः उभं राहून भरून घेतलं. सकाळी पुन्हा तेच.

त्या दिवशी दोम्निका माझ्या ओट्यापाशी येऊन बसली होती. मी सूप पुढं केलं, तिनं चमचाही उचलला नाही.

"पितेय ती, मावशी," हळूच म्हणाली.

"कोण?"

"मिठाचं पाणी पितेय. मी तिचं पाणी चुकवलं ना... मिळेल ते पितेय. पण मिठाच्या पाण्यानं तहान भागते होय?"

मी उगाचच खिडकी लावून घेतली.

तेव्हापासून ती पुन्हा पाणी नेऊ लागली. नोकरी राहो की जावो. सहा आठवडे संपत आले होते. सणाच्या दुसऱ्या दिवशी नदीवर जाऊन पाणी सोडायचं होतं, की तिचं बोललेलं पुरं झालं. एवढे दोनच दिवस साहेबाच्या नजरेतून निसटायचं होतं तिला. म्हणून त्या दिवशी मी लगबगीनं दुकानात शिरले.

पुढच्या बाजूला पैसे द्यायच्या गल्ल्यांवर रांगा, पोरं रडतायत, सणाची गाणी लावलेली. पण मागं चीजच्या काउंटरपाशी माझ्याशिवाय कोणी नव्हतं. खराब चीजचा बोभाटा गावभर झाला होता. वरची दिव्याची एक नळी विझलेली, दुसरी मधूनच थरथरत होती. तिच्या उजेडात काचेमागचं मांस करडं दिसत होतं. गाणी तिथपर्यंत पोचत होती खरी, पण गोधडीतून आल्यासारखी.

मी काचेवर पिशवी ठेवली आणि साहेबाच्या वाटेवर डोळे लावून उभी राहिले.

तेवढ्यात काउंटरमागून आवाज आला. सुरी फळीवर टेकवल्याचा. मग कागदाचा.

मी टाचा उंच केल्या. काचेच्या पलीकडे, खाली, एक पांढरी टोपी दिसली. कोणीतरी बसलं होतं. खुर्ची तर तिथं नाही, म्हणजे उपड्या घातलेल्या क्रेटवर. मी मनात म्हटलं, अगं बाई, मिळाली वाटतं एकदाची दोम्निकाच्या मदतीला कोणी! आणि आल्या दिवशी बसली पण! साहेबानं पाहिलं तर हिची काही धडगत नाही. मी सांगणारच होते तिला, बाई, उभी राहा, तो माणूस बरा नव्हे.

पण वास आला. आधी मिठाच्या पाण्याचा, तो तिथं असतोच. त्याच्या खालून मेणबत्तीचा. विझवलेल्या मेणबत्तीचा, दफनाच्या वेळी येतो तसा.

काचेवर एक पुडी सरकत आली.

मी काही मागितलं नव्हतं.

पुडी पुढं करणारा हात मी पाहिला. हातमोजा नव्हता. कातडी इतकी सुकलेली की बोटांच्या पेरांवर भेगा, आणि भेगांतून पांढरं पांढरं फुललेलं. भिंतीला खार फुटतो ना, तसं. पुडीला दोन घड्या. तिसरं टोक आत खोचलेलं. चिकटपट्टी नव्हती.

मला ओरडायचं होतं. तोंडातली थुंकीच आटली.

धाडकन शीतखोलीचं दार उघडलं आणि बुर्चा साहेब बाहेर आला. तो काउंटरच्या आतल्या बाजूला, म्हणजे त्याला तिची पाठ दिसत असणार. पांढरा कोट, पांढरी टोपी. तो समजला दोम्निकाच.

"उठा!" तो गरजला. "काउंटरला बसायचं नाही, किती वेळा सांगितलं?"

टोपी हलली नाही.

"आणि होतात कुठं? मघाशी येऊन गेलो तर इथं काळं कुत्रं नव्हतं! सणाचे दिवस, मुख्य कचेरीतले माझ्या डोक्यावर बसलेत, आणि ह्या बाई बसल्यात क्रेटवर! काय, झालं काय?"

मी हात हलवला. "साहेब..." म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही. मलाही नीट ऐकू आलं नाही.

खालून आवाज आला. कोरडा कागद चुरगळावा तसा.

"पाणी..."

आणि साहेब हसला. कमरेवर हात ठेवून हसला.

"पाणी? वा! पाणी हवंय! चहा नको? पायाखाली उशी देऊ? बसा, बाईसाहेब, बसा. उठूच नका. मी आणतो ना तुम्हाला पाणी. मी आहेच कशाला इथं? रोज आणत जाईन!"

"रोज...?" त्या आवाजानं विचारलं.

"रोज, रोज! माझ्या हातानं!"

वरची नळी थरथरली आणि स्थिर झाली.

त्याच वेळी माझ्या पाठीमागं पावलं वाजली. मी वळले. दोम्निका पुढच्या दारानं आत आली होती. धापा टाकत, बूट चिखलानं भरलेले, रिकामी बादली हातात.

"मावशी, मिळालं का चीज? साहेब आले नाहीत ना...?"

मग तिला साहेब दिसला आणि ती थिजली.

पण साहेब तिच्यापेक्षा जास्त थिजला होता. तो दोम्निकाकडे बघत होता. बादलीकडे, चिखलाकडे, परत तिच्या तोंडाकडे. त्याचं तोंड उघडं होतं, हसणं अजून त्यात अडकलेलं, पण डोळ्यांत हसू नव्हतं. मग त्यानं अगदी सावकाश मान खाली वळवली.

क्रेट रिकामा होता. वर ओला डाग होता, माणूस बसण्याएवढा. आमच्या डोळ्यांदेखत तो वाळत गेला आणि त्या जागी पांढरी कड उमटली.

"ही कोण होती?" साहेबानं मला विचारलं. पहिल्यांदाच तो माझ्याशी हळू बोलत होता. "तुम्ही पाहिलंत ना? कोण होती?"

पुडी काचेवर तशीच होती. दोम्निकानं ती पाहिली. घड्या ओळखल्या तिनं, चेहऱ्यावरूनच कळलं. तिनं खोचलेलं टोक सोडवलं.

आत चीज नव्हतं. ओंजळभर मीठ होतं, दगडासारखं घट्ट.

"साहेब," दोम्निका म्हणाली, "तुम्ही तिच्याशी काही बोललात?"

"मी? मी काय बोललो? मला वाटलं तुम्ही... मी गंमत करत होतो!"

"काय बोललात?"

मग मीच सांगितलं. शब्द न् शब्द. दोम्निका मधेच भिंतीला टेकली आणि तिनं छातीवर क्रूसाची खूण केली.

प्लाचिंता त्या वर्षी बिनाचीजची झाली. जावयानं टोमणा मारला. मी काही बोलले नाही, तेव्हा तोच घाबरला.

साहेबानं दोम्निकाला काढलं नाही. सणाच्या सकाळी तो तिला म्हणाला म्हणे, काल दुकानात कोणी वेडी शिरली होती, पोलिसांना कळवायला हवं. पण त्याच सकाळी त्याच्या टेबलावरच्या कुंडीतली माती राखेसारखी झाली होती. दुपारी त्यानं कॉफी ओतून घेतली, फोनवर बोलायला वळला, परत पाहतो तर कपाच्या तळाशी मीठ. घरी जायला निघाला तर गाडी तापून बंद पडली. मेकॅनिकनं बोनेट उघडलं, म्हणाला, "साहेब, हिच्यात पाण्याचा थेंब नाही. आणि हे पांढरं काय घातलंत तुम्ही?"

मला हे कसं माहीत? मेकॅनिकची बायको माझ्याकडून अंडी घेते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नदीवर गेलो. थंडी अशी की डोळ्यांतलं पाणी गालावर गोठत होतं. दोम्निका, मी, म्हातारा पर्वू आणि पाद्रीबुवांची बायको. दोम्निकानं भोपळ्याचं अर्धं कवच पाण्यावर ठेवलं, त्यात मेणबत्ती लावली, आणि उगवत्या सूर्याला विचारलं, "मी साफ्तासाठी पाणी वाहिलं. कोण साक्षी?"

"मी," मी म्हटलं.

"मी पण. दोन दिवस चुकले, तेवढे पोरीला माफ कर गं साफ्ता," पर्वू म्हणाला. "तिनं मनापासून वाहिलंय."

कवच जरासं गिरकलं, प्रवाहाला लागलं आणि धुक्यात गेलं. ज्योत विझली नाही. दोम्निका इतक्या दिवसांनी पहिल्यांदा रडली. मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

मागं वळलो तर काठावर बुर्चा साहेब उभा. भारीतला कोट, पण दाढी केलेली नाही. हातात दुकानातली पाण्याची बाटली. तो आमच्याजवळ आला नाही. तिथूनच म्हणाला, "झालं ना? आता संपलं ना हे?"

"माझं संपलं, साहेब," दोम्निका म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, मी शपथेवर सांगते. उलट दया होती. "मी सहा आठवड्यांचं बोलले होते. तुम्ही कुठवरचं बोललात?"

त्यानं बाटली छातीशी धरली.

"रोज म्हणालास तू," म्हातारा पर्वू म्हणाला. "मला सांगितलंय हिनं. नुसतं रोज. कुठवर ते नाही म्हणालास. असं बोलतात का रे बाबा, वेडा की काय?"

त्या दिवसापासून मी माझ्या डोळ्यांनी पाहायची. सूर्य बुडायच्या आधी साहेब पंपावर यायचा, पाण्याचा एक मग भरायचा, आडोसा केल्यासारखा कोटाआड धरून दुकानात न्यायचा आणि काउंटरमागच्या क्रेटवर ठेवायचा. सकाळी तो मग रिकामा. पिंपं मात्र त्यानंतर भरलेली राहिली, चीज मऊ लोण्यासारखं. काउंटरमागं खुर्ची आली. साहेबानं स्वतः आणली. दोन नवीन बायका कामाला लागल्या, दोम्निका आता वेळेवर घरी येते, लेकीचा अभ्यास घेते. बाटल्याही आल्या, प्रत्येकीची वेगळी. साहेब कोणावर ओरडत नसे. कोणी नुसतं "साहेब" म्हटलं तरी दचकायचा.

गावातल्यांना गंमत वाटली. बायका म्हणायच्या, "सुधारला गं बाई!" मी आणि दोम्निका एकमेकींकडे बघायचो.

फेब्रुवारीत तो गेला. बदली मागून घेतली, लांब, कॉन्स्टान्त्साला, समुद्रकाठी. कोणाचा निरोप घेतला नाही. तो गेला त्या संध्याकाळी दोम्निकानं काउंटरमागचा क्रेट उचलला आणि मागच्या अंगणात जाळायला नेला. प्लास्टिक जळायला किती वेळ लागतो? तो पेटलाच नाही. शेवटी तिनं कचऱ्याच्या गाडीत टाकला. चीज त्यानंतरही चांगलंच राहिलं. मग आम्हीही हळूहळू श्वास सोडला.

हे इतकं सगळं तुम्हाला सांगितलं नसतं. पण परवा, ईस्टरच्या आठवड्यात, मी बसथांब्यावर बसले होते. शेजारच्या बाकावर एक बाई, पन्नाशीची, काळा कोट, पायाशी दोन खोकी. आता बाई एकटी, हातात खोकी, आणि मी गप्प बसू? मी विचारलं कुठून आलात, कुणाकडे. तर ती बुर्चाची थोरली बहीण निघाली. त्याच्या इथल्या भाड्याच्या खोलीत राहिलेलं सामान न्यायला आली होती.

"बरा आहे का तो?" मी विचारलं.

"बरा म्हणजे, वाळलाय हो फार. पण एक चांगलं झालं, एकटा राहिला नाही असं वाटतं." ती माझ्याकडे झुकली, बायका असं काही सांगताना झुकतात तशी. "त्याची शेजारीण मला म्हणाली, रोज संध्याकाळी बोलण्याचा आवाज येतो. एकच वाक्य. 'बसा, मी आणतो. बसा, मी आणतो.' इतक्या आर्जवानं! मी म्हटलं, चला, आयुष्यात कोणाला पाणी विचारलं नाही ह्यानं, बाई मिळाल्यावर शहाणा झाला."

मी शाल आवळून घेतली.

"मी मात्र तिला पाहिलं नाही. गेले दोन दिवस तिकडं त्याच्याकडेच होते, तर म्हणे ती येईल, ती येईल. घर बघा, चांगल्या चार खुर्च्या आहेत, आणि स्वयंपाकघराच्या मधोमध हा क्रेट! दुकानातला, उपडा घातलेला. मी बाजूला करायला गेले तर माझा हात धरला त्यानं. पण बाई सुगरण असणार. निघताना प्रवासाला खायला बांधून ठेवलं होतं, टेबलावर. घ्या ना, चीज आहे. मी अजून उघडलं नाही."

तिनं पिशवीतून पुडी काढली आणि माझ्या हातात ठेवली.

दोन घड्या. तिसरं टोक आत खोचलेलं.

पुडी जड होती आणि आत काहीतरी खडखडीत होतं. मला "आभारी आहे" म्हणता येईना. "देव क्षमा करो" तर त्याहून म्हणता येईना, कारण ते कुणाच्या नावानं म्हणायचं? पुडी दिली ती कुणी, आणि कुणासाठी? ती बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी नुसती मान हलवली.

"बाई," ती ओठांवरून जीभ फिरवत म्हणाली, "इथं पाणी कुठं मिळेल हो? कालपासून मेली तहान काही जात नाही."

पंप समोरच, रस्त्यापलीकडे. आपल्याकडे कोणी पाणी मागितलं की तोंडातून आपोआप निघतंच, बसा, मी आणते. ते शब्द माझ्या दातांपर्यंत आले होते. मी तोंडावर हात दाबून धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट पंपाकडे केलं.

ती गेली. पंपाखाली वाकली.

कॉन्स्टान्त्साची बस आली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, मग पुन्हा दिला. ती अजून पीतच होती.